हांगचौचा सामना आणि मुंबईचा लिलांव

आपल्या घरांतून हुतूतू हा खेळ मुलगा बारा-चौदा वर्षांचा होईपर्यंतच मान्य असे. पुढें अभ्यास मागें लागला, कीं गुडघ्यावरची माती कायमची धुऊन टाकावयाची, असा शिरस्ता. ‘खेळानें कोणाचें पोट भरलें आहे?’ हा वडीलधाऱ्यांचा प्रश्न बिनतोड होता. २०१४ सालीं प्रो कबड्डी लीग सुरू झाली आणि त्या प्रश्नाला रुपयांत उत्तर मिळूं लागलें. पण तें उत्तर पुरें आहे काय, हें ठरविण्यास धंदेवाईक खेळाडूचा एखादा आठवडा जवळून पाहावा लागतो. असा एक आठवडा ऑक्टोबर २०२३ मध्यें येऊन गेला.

चीनमधील हांगचौ शहरीं आशियाई क्रीडास्पर्धा चालू होत्या. ७ ऑक्टोबरला पुरुषांच्या कबड्डीचा अंतिम सामना भारत व इराण यांच्यांत झाला. १९९० पासून ओळीनें सात वेळां सुवर्णपदक मिळविणाऱ्या भारताला २०१८ सालीं जाकार्ता येथें याच इराणनें उपान्त्य सामन्यांत २७-१८ असें हरविलें होतें. रिशांक देवाडिगा व गिरीश इर्नाक हे महाराष्ट्राचे दोघे त्या पराभूत संघांत होते. आतां त्यांच्या जागीं अहमदनगर (आतांचा अहिल्यानगर) जिल्ह्याचा अस्लम इनामदार आणि नाशिककडचा आकाश शिंदे हे होते.

कबड्डीचा सामना तो केवढा? चाळीस मिनिटांचा, आणि एकेक चढाई तीस सेकंदांची. शेवटचें मिनिट-सव्वा मिनिट उरलें असतां दोन्ही बाजूंचे गुण २८ झाले, आणि कर्णधार पवन सेहरावत चढाईस गेला. तो कोणासही न शिवतां कडेच्या राखीव पट्ट्यांत गेला. त्यास धरण्यासाठीं इराणचे गडी मागोमाग धांवले. मग बाद कोण? एकटा चढाई करणारा, कीं त्याच्या मागें पट्ट्यांत उतरलेले सगळेच? जुना नियम एक सांगे, नवा दुसरें. पंचांनीं निर्णय दिला, मग फिरविला. दोन्ही संघांनीं हरकती घेतल्या. सामना सुमारें तासभर खोळंबला. अंगावरचा घाम वाळून स्नायू गार पडल्यावर पुन्हां एकदम झेंप घेणें म्हणजे काय, हें ज्यानें तालमींत चार दिवस काढले असतील त्यासच कळेल. अखेर भारताचा ३३-२९ असा विजय जाहीर झाला.

आतां पुढची गोष्ट पाहावी. दोनच दिवसांनीं, ९ व १० ऑक्टोबरला, मुंबईंत लीगच्या खेळाडूंचा लिलांव झाला. हांगचौच्या स्पर्धेमुळेंच तो सप्टेंबरांतून पुढें ढकलला होता. पवन सेहरावतला तेलुगु टायटन्सनें २ कोटी ६०.५ लाख रुपयांस घेतलें. आणि इराणच्या संघांतल्या महंमदरेझा शादलूला कोणीं घ्यावें? तर पुणेरी पलटणनें, २ कोटी ३५ लाखांस! त्या हंगामांत पुण्याचा कर्णधार होता अस्लम इनामदार. ज्याच्याशीं शनिवारीं परमुलुखांत झुंज झाली, त्याच्याच हातांत हात घालून हिंवाळाभर पकड करावयाची. आणि त्यांनीं ती केलीही. १ मार्च २०२४ रोजीं हैदराबादेस हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असें हरवून पुण्यानें विजेतेपद मिळविलें. कांहीं जाणते लोक यास निष्ठेचा बाजार म्हणतील. मला तसें वाटत नाहीं. दोन वकील कोर्टांत भांडून संध्याकाळीं एके ठिकाणीं चहा घेतात, तें आपण वाईट मानीत नाहीं.

खरी काळजी वेगळीच आहे, आणि ती त्या हरलेल्या हरियाणाच्या संघांत दिसते. सावंतवाडीहून घाट चढून आमच्या आंबोलीस आलें आणि बेळगांवच्या वाटेनें तसेंच पुढें गेलें, कीं कोल्हापूर जिल्ह्याचा चंदगड तालुका लागतो. तेथला सिद्धार्थ देसाई त्या संघांत होता. २०१८ च्या हंगामासाठीं यू मुंबानें त्यास ३६.४ लाखांस घेतलें होतें. एक हंगाम गाजविल्यावर २०१९ सालीं त्याची बोली १ कोटी ४५ लाखांवर गेली. पुढें २०२१-२२ चा बहुतेक हंगाम खांद्याच्या दुखापतींत गेला. २०२३ सालीं त्याचा भाव १ कोटी झाला. रक्कम थोडी नव्हे. परंतु पगारास सहसा बढतीच ठाऊक असते, बोलीस चढ आणि उतार दोन्ही ठाऊक असतात, आणि दोहोंच्या मध्यें एक खांदा असतो.

आमच्याकडे पावसाळ्याचे चार महिने मातीच्या मैदानावर पाऊल ठरत नाहीं. खेड्यांतला गडी उघाडींत अनवाणी मातीवर तयार होतो. लीगचा खेळ मात्र बूट घालून मॅटवर. माती पायाखालीं थोडी सरकते, मॅट पाय धरून ठेवते. पकडींत वरचें अंग वळतें, पाऊल वळत नाहीं, आणि तो पीळ गुडघ्यानें सोसावा लागतो. शिवाय वजन ८५ किलोंच्या आंत राखावयाचें, म्हणजे सणावारीं घरीं असूनही पुरणपोळीकडे पाठ! म्हणून शहाणा खेळाडू रेल्वे, पोलीस किंवा बँक यांतली खेळाडूंसाठींची नोकरी सोडीत नाहीं. तिचें मोल आपल्या लोकांस निराळें सांगावयास नको.

त्याच ७ ऑक्टोबरला, पुरुषांच्या आधीं, भारताच्या मुलींनीं अंतिम सामन्यांत चिनी तैपेईला २६-२५ असें, एका गुणानें, हरविलें. चढाई तितकीच, मॅट तीच, गुडघेही तसेच. २०१६ सालीं पुरुषांच्या लीगच्या जोडीनें स्त्रियांच्या तीन संघांची एक स्पर्धा झाली होती. ती त्या एका हंगामापुरतीच ठरली. सुवर्णपदक घेऊन त्या परत आल्या, तेव्हां मुंबईच्या लिलांवांत त्यांच्यापैकीं एकीचेंही नांव पुकारलें गेलें नाहीं.