स्पीड भरपूर, तरी कॉलवर आवाज का तुटतो?

ज्यांना हा भाग हेडफोन लावून ऐकायला जमलं नाही, त्यांच्यासाठी तो इथे लिहून देतोय. बोलीभाषा तशीच ठेवलीय, फक्त माझे 'म्हणजे कसं की' तेवढे काढलेत.

आधी एक किस्सा. गेल्या महिन्यात माझ्या मावसबहिणीचा नोकरीसाठी ऑनलाइन इंटरव्ह्यू होता. आदल्या रात्री तिने त्याच वायफायवर अख्खा सिनेमा एचडीमध्ये बघितला होता, एकदाही अडकला नाही. सकाळी स्पीड टेस्ट केली, ४० एमबीपीएस. बिनधास्त बसली. तिसऱ्या प्रश्नाला आवाज तुटायला लागला. ती बोलायला गेली की समोरचे बोलायचे, मग दोघंही थांबायचे. शेवटी समोरच्या मॅडम म्हणाल्या, "उत्तर येत नसेल तर तसं सांगा." तिला उत्तर येत होतं हो! फक्त ते पोचत नव्हतं.

मग प्रश्न पडतो: सिनेमा नीट चालतो, तर साधं बोलणं का नाही? बोलण्याला तर डेटा कितीतरी कमी लागतो.

नेटवरून आवाज सलग वाहत जात नाही. तुमचा फोन त्याचे बारीक तुकडे करतो, बहुतेक वेळा २० मिलिसेकंदांचा एक. म्हणजे सेकंदाला ५० तुकडे. प्रत्येक तुकडा एका पॅकेटमध्ये बसून निघतो. निघताना सगळी पॅकेटं सारख्या अंतराने निघतात, पण वाटेत कुठे रांग लागते, कुठे वायफायवर टक्कर होते. काही लगेच पोचतात, काही रेंगाळतात, काही हरवतात. पोचण्याच्या वेळेतल्या या चढउताराला म्हणतात जिटर.

आता गच्चीवरची पाण्याची टाकी आठवा. नळाला पाणी कधी येतं, कधी जातं, पण टाकी भरलेली असेल तर घरातली धार एकसारखी राहते. सिनेमा बघताना ॲप हेच करतं. पुढचे काही सेकंद, कधी कधी मिनिटभराचा मजकूर, आधीच आणून साठवतं. हाच बफर. एखादं पॅकेट हरवलं तर ते परत मागवायला निवांत वेळ असतो. तुम्हाला पत्ताही लागत नाही.

कॉलमध्ये मात्र टाकी भरायची सोय नाही, कारण समोरच्याने पुढचं वाक्य अजून उच्चारलेलंच नसतं! आणि थोडं थांबून साठवावं म्हटलं, तर गप्पांची लय बिघडते. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस अशी, की तोंडातून कानापर्यंत एका बाजूचा उशीर १५० मिलिसेकंदांच्या आत असेल तर बहुतेक संभाषण सुरळीत चालतं. त्याच्या पुढे माणसं एकमेकांच्या बोलण्यात पाय घालायला लागतात.

हे १५० मिलिसेकंद कुठे जातात बघा. मुंबई ते न्यूयॉर्क सरळ अंतर साधारण १२,५०० किलोमीटर. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. म्हणजे ६० मिलिसेकंदांहून जास्त नुसत्या प्रवासात संपले, आणि खऱ्या केबली सरळ रेषेत जात नाहीत. उरलेल्यात आवाज दाबायचा, रांगा पार करायच्या, पुन्हा उलगडायचा. त्यामुळे कॉलचा बफर म्हणजे टाकी नाही, तांब्याभर पाणी. जे पॅकेट वेळेत आलं नाही, ते नंतर सुखरूप पोचलं तरी फेकून द्यावं लागतं. आजच्या गोष्टीचं सार हेच: कॉलमध्ये उशिरा आलेलं आणि न आलेलं, दोन्ही सारखंच.

ही अडचण नवी नाही. १९७४ मध्ये, इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेटवर अमेरिकेत पहिल्यांदा प्रत्यक्ष बोलणं पाठवून पाहिलं गेलं. त्या प्रयोगांमागे डॅनी कोहेन हे संशोधक होते. हरवलेलं पॅकेट परत मागवत बसण्याची शिस्त फाइलींना बरी, पण बोलण्याला मारक, हा त्यांचा मुद्दा होता. पुढे १९८० मध्ये यूडीपी नावाचा साधा नियम आला: पॅकेट पाठवा, पोचल्याची हमी नाही, परत पाठवणं नाही. आजही बहुतेक कॉल शक्यतो याच वाटेने जातात.

मग हरवलेल्या तुकड्याच्या जागी काय वाजतं? फोन अंदाज बांधतो. आधीचा आवाज थोडा ताणून भोक बुजवतो. एक-दोन तुकडे गेले तर कळत नाही. सलग बरेच गेले की समोरचा माणूस रोबोटसारखा ऐकू येतो.

व्हिडिओचं दुखणं अजून मोठं. फुल एचडी चित्र न दाबता पाठवायचं तर सेकंदाला जवळपास १५० कोटी बिट लागतील. म्हणून मागच्या चित्रापेक्षा काय बदललं, बहुतेक वेळा तेवढंच पाठवतात. गणित मग तीस-पन्नास लाख बिटांवर येतं. पण मधलाच एक बदल हरवला, तर पुढची चित्रं चुकीच्या पायावर उभी राहतात. चेहऱ्यावर चौकोन दिसतात किंवा चित्र गोठतं ते त्यामुळे.

आता बहिणीकडे परत येऊ. तिचा भाऊ सहलीहून तेव्हाच घरी आला होता. त्याचा फोन वायफायला जोडला गेला आणि शेकडो फोटोंचा बॅकअप सुरू झाला. राउटरच्या दारात ही भलीमोठी रांग, आणि तिच्या आवाजाची इवली पॅकेटं त्या रांगेच्या शेवटी. स्पीड टेस्टने सकाळी रस्ता किती रुंद आहे ते सांगितलं होतं. रांग किती लागेल, ते नाही.

म्हणून महत्त्वाच्या कॉलआधी एवढं करा. टेस्टमध्ये डाउनलोडसोबत अपलोड, पिंग आणि जिटर हे आकडेही बघा. घरातले बॅकअप आणि अपडेट तासभर थांबवा. राउटरजवळ बसा, लॅपटॉप असेल तर वायर लावा. आवाज तुटायला लागला की आधी कॅमेरा बंद करा, रांग लगेच हलकी होते. आणि समोरचा क्षणभर गप्प असेल तर त्याला येत नाही असं समजू नका, विशेषतः तुम्ही इंटरव्ह्यू घेणारे असाल तर.

आम्ही काय करतो? पाहुणे लांब असले की गप्पा कॉलवर मारतो, पण प्रत्येक जण आपापला आवाज आपल्याच फोनवर रेकॉर्ड करतो आणि नंतर फाइल पाठवतो. फाइलला घाई नसते. म्हणून कॉलवर आम्ही कितीही 'हॅलो, हॅलो' केलं, तरी तुम्हाला भाग स्वच्छ ऐकू येतो.

बहिणीने त्यांना मेल करून नेमकं काय झालं ते लिहिलंय आणि पुन्हा वेळ मागितलीय. उत्तर यायचंय. या वेळी भावाचा फोन एअरप्लेन मोडवर असणार, हे नक्की!

चला, भेटू पुढच्या भागात.