दातांच्या मुळांत दडलेले वाढीचे वेळापत्रक

सातवीच्या वर्गात एकाच बाकावर बसणाऱ्या दोन मुलांचे वय दाखल्यावर सारखे असले, तरी त्यांच्या हाडांची वाढ सारखी असेलच असे नाही. खालचा जबडा मागे राहिलेल्या मुलांवर उपचार करताना हा फरक निर्णायक ठरतो. साधारणतः मुलींमध्ये १० ते १२ आणि मुलांमध्ये १२ ते १४ या वयात वाढीला वेग येतो. याच काळात ट्विन ब्लॉकसारखे उपकरण दिल्यास नैसर्गिक वाढीचा लाभ उपचाराला मिळतो. ही संधी हुकली आणि व्यंग तीव्र असेल, तर पुढे शस्त्रक्रियेचाच पर्याय उरू शकतो.

मग वाढ ओळखायची कशी? एके काळी शाळेत नाव घालताना गुरुजी सर्रास १ जून हीच जन्मतारीख लिहीत. आज जन्मनोंदणी होते. परंतु अचूक तारखेवरूनही हाडांची पक्वता कळत नाही. त्यासाठी हाताच्या पंजाचे व मनगटाचे क्ष-किरण छायाचित्र काढले जाई. पुढे मानेच्या मणक्यांच्या आकारावरून वाढीच्या सहा पायऱ्या ठरवण्याची पद्धत रूढ झाली. तिसऱ्या व चौथ्या पायरीच्या दरम्यान खालच्या जबड्याची वाढ सर्वाधिक असते, असे मानले जाते.

दातही अशीच साक्ष देतात. दात हिरडीतून केव्हा बाहेर येतो, यावर फार विसंबता येत नाही. दुधाचा दात अकाली पडला किंवा जागा अपुरी असली, तर ती वेळ मागेपुढे होते. हिरडीआड चालणारी दाताची घडण त्या मानाने नियमित असते. टोकापासून सुरू होऊन ती मुळाकडे सरकते. कॅनडातील डॉ. आर्तो डेमिर्जियन व सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये या घडणीचे ‘ए’ ते ‘एच’ असे आठ टप्पे मांडले. ‘डी’ टप्प्यात दाताचा माथा पूर्ण होतो, तर ‘एच’मध्ये मुळाचे टोक बंद होते. खालच्या सुळ्याचे मूळ पूर्ण लांबीचे, पण टोक अजून उघडे असेल, तर तो ‘जी’ टप्पा होय. हा टप्पा वाढीचा वेग जवळ आल्याची खूण असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे.

सातारा-सांगली भागात या पद्धतीचे महत्त्व सहज पटावे. कराड व सांगली येथे दंत महाविद्यालये आहेत. पण माण, खटाव, जत, आटपाडीच्या गावांतून तेथे येणाऱ्या पालकांची एकेक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी. संपूर्ण जबड्याचे ‘ओपीजी’ छायाचित्र उपचारापूर्वी काढलेच जाते. त्यातूनच वाढीचा पहिला अंदाज मिळाला, तर हाताचे वेगळे छायाचित्र टाळता येते.

मात्र हा अंदाज आहे, निवाडा नव्हे. डेमिर्जियन यांचे कोष्टक फ्रेंच-कॅनेडियन मुलांवरून तयार झाले होते. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतीय मुलांच्या अभ्यासात त्याने वय सुमारे ३ वर्षांनी जास्त दाखवले. म्हणून परक्या कोष्टकावर निर्धास्तपणे विसंबता येत नाही. शिवाय ‘वाढ अजून सुरू व्हायची आहे’ हे दात बऱ्यापैकी सांगतात. वेगाचा नेमका क्षण सांगण्यात ते कमी पडतात. त्यामुळे मणक्यांची पायरी, उंचीतील वाढ आणि मुलींच्या बाबतीत पाळी सुरू झाल्याची माहिती यांची जोड आवश्यक ठरते.

‘सगळे दात येऊ देत, मग पाहू’ असे म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. जबड्याच्या व्यंगात तीच महाग पडते. सातव्या वर्षाच्या सुमारास एकदा तपासणी आणि पुढे दर वर्षी उंचीची नोंद, एवढी दक्षता पालकांनी घेतली, तरी योग्य वेळ हातची जाणार नाही.