धानाचा पैसा, मंडई आणि मोकळ्या आकाशाखालचा मॉल

आमगावसारख्या तालुक्याच्या गावी कापडाच्या पेढीवर बसणाऱ्या व्यापाऱ्याला आज एकाच घरातून दोन प्रकारचे ग्राहक येताना दिसतात. लग्न ठरले की घरातील वडीलधारी मंडळी दहा-बारा माणसांसह गादीवर येऊन बसतात, चहा होतो, लुगडी-शालूंचे ढीग उलगडतात आणि बस्ता बांधूनच मंडळी उठतात. त्याच घरातील तरुण मुलगा मानपानाचे कापड गावातून घेऊ देतो; स्वतःचे कपडे मात्र नागपूरच्या मॉलमधून आणतो. व्यापाऱ्याच्या स्वतःच्या घरी तरी याहून निराळे काय असते? सुट्टीच्या दिवशी मुले-सुना सकाळची गाडी पकडून नागपूर गाठतात आणि रात्री पिशव्या घेऊन परततात. हावडा-मुंबई लोहमार्गाने गावाला मोठी बाजारपेठ जवळ आणून दिली, तशीच गावची गिऱ्हाइकी दूर नेण्याची सोयही करून दिली.

नागपुरातील एम्प्रेस मॉल ज्या जागेवर उभा आहे, तेथे जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल 1 जानेवारी 1877 रोजी सुरू झाली होती. मुंबईत 1905 साली स्थापन झालेल्या फिनिक्स मिलच्या आवारातही पुढे मॉलच झाला. जेथे कापड निर्माण होत होते, तेथे आता ते केवळ विकले जाते. पण हे झाले शहरातील मॉल. आउटलेट मॉलची जात वेगळी आहे. तो गावाबाहेर, मोकळ्या जागेत, छताविना असतो. ओळीने बैठी दुकाने, मधून पायवाट, खाण्यापिण्याची ठिकाणे, मुलांसाठी खेळ आणि संध्याकाळी गाण्याबजावण्याचा कार्यक्रम. विकायला असतो तो हंगाम सरल्यावर उरलेला किंवा किंचित दोष असलेला माल, कंपनीकडून थेट, कमी भावात.

याची सुरुवात अमेरिकेतील गिरण्यांच्या दारात झाली. कामगारांसाठी ठेवलेला उरलासुरला माल हळूहळू बाहेरच्यांनाही विकला जाऊ लागला. 1985 साली न्यूयॉर्कपासून सुमारे 80 किलोमीटरवर वुडबरी कॉमन उभे राहिले, 1995 साली इंग्लंडमध्ये बिस्टर व्हिलेज. बिस्टरला इतके परदेशी ग्राहक येतात की तेथील रेल्वे स्थानकावर चिनी आणि अरबी भाषेतही सूचना ऐकू येतात. हे मॉल शहरापासून लांब का, याचे उत्तर व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही. जमीन स्वस्त मिळते हे एक. आणि शहरातील मुख्य दुकानात पूर्ण भावाने विकला जाणारा माल शेजारीच निम्म्या भावात दिसू नये, हे दुसरे.

मात्र या व्यवहाराला एक काळी बाजूही आहे. शिल्लक माल ठरावीकच असतो. दुकाने वाढली तसा तो पुरेनासा झाला. मग केवळ आउटलेटसाठीच हलक्या प्रतीचा माल तयार होऊ लागला आणि त्यावर कधीही न आकारलेली मोठी किंमत छापून ती खोडून दाखवली जाऊ लागली. ग्राहकांची अशी दिशाभूल होते काय, याची चौकशी व्हावी अशी मागणी 2014 मध्ये अमेरिकी संसदेच्या काही सदस्यांनी केली होती. ‘पन्नास टक्के सूट’ ही पाटी पाहून हुरळून जाणाऱ्या आपल्याकडील ग्राहकानेही कापड बोटांत धरून पाहिलेले बरे.

आता आमगावच्या परिसराकडे पाहू. खरेदी, खाणे आणि करमणूक उघड्या आकाशाखाली एकत्र आणण्याची कल्पना झाडीपट्टीला कोणी शिकवावी असे नाही. भाऊबीज झाली की गोंदिया-भंडाऱ्याच्या गावोगावी मंडई भरू लागते. गोवारी बांधव ढाल घेऊन येतात, माहेरवाशिणी आणि पाहुणे जमतात, खेळणी-बांगड्या-कपड्यांची दुकाने लागतात, कढया चढतात. आणि रात्री दंडार किंवा झाडीपट्टीचे नाटक रंगते ते थेट पहाटेपर्यंत. वेगवेगळ्या गावांची मंडई वेगवेगळ्या दिवशी असल्याने तोच दुकानदार आज या गावी, उद्या त्या गावी आपले दुकान मांडतो.

मंडईचा काळ निवडण्यात मोठा व्यवहार दडलेला आहे. धान कापून झालेले असते, हाती पैसा येऊ लागलेला असतो, वाटा वाळलेल्या असतात आणि हवेत गारवा असतो. पूर्व विदर्भात उघडा मॉल बांधू पाहणाऱ्याला नेमके हेच कोडे सोडवावे लागेल. वैशाखात पारा पंचेचाळीस अंशांना भिडतो, आषाढ-श्रावणात पाऊस उसंत देत नाही. 1956 साली अमेरिकेत व्हिक्टर ग्रुएन या वास्तुरचनाकाराने साउथडेल हा पूर्ण बंदिस्त मॉल उभारला, तो तेथील थंडी-उन्हाच्या भयानेच. छत नसल्यास वातानुकूलनाचा खर्च वाचतो खरा, पण वर्षातील निम्मे महिने ग्राहकही घरी बसतो. मंडईच्या दुकानदाराला ही चिंता नाही. तो जागेची दिवसाची पट्टी भरतो आणि हंगाम संपला की गाशा गुंडाळतो. मॉलमधील दुकानाला बारमाही किमान भाडे, बहुधा विक्रीतील वाटा आणि सामाईक देखभालीचा आकार द्यावा लागतो. त्यातही मोठ्या नामांकित दुकानांना ग्राहक खेचण्यासाठी कमी दराने जागा मिळते. चौरस फुटाला अधिक भार लहान दुकानदार उचलतो. मॉलमध्ये गाळा घेण्याच्या विचारात असलेल्या तरुण व्यापाऱ्याने भाडे मे आणि जुलैच्या विक्रीवर मोजावे, दिवाळीच्या नव्हे.

जेवणाची गोष्ट तर जैन कुटुंबांना अधिक जवळची. मॉलच्या खाद्यदालनात ‘जैन’ अशी पाटी हल्ली सर्रास दिसते. कांदा-लसूण-बटाटा वगळला जातो, पण कढई, तवा आणि तेल वेगळे आहे का, हे विचारावेच लागते. शिवाय या जागा रंगात येतात त्या दिवे लागल्यावर. कार्तिक-मार्गशीर्षात या भागात सूर्य साडेपाचच्या आसपास मावळतो. रात्रिभोजनाचा त्याग असलेल्या घरातील आजीला नातवंडांसोबत तेथे जाऊन केवळ बसून राहावे लागते. दुपारी चार वाजता गरम, निःशंकपणे खाता येईल असे जेवण देणारी जागा ज्या बाजारात असेल, तेथे अशी कुटुंबे तीन पिढ्यांसह जातील.

तरुण ग्राहक मॉलकडे वळतो तो केवळ झगमगाटासाठी, असे मानून स्वतःचे समाधान करून घेणे सोपे आहे. त्याला भाव लिहिलेला हवा असतो, कपडा घालून पाहण्यासाठी आडोसा हवा असतो, न आवडल्यास कुरबुरीशिवाय परत करता यावा असे वाटते. आणि लांजीकडून किंवा सालेकसा-देवरीच्या खेड्यांतून दिवसभरासाठी बाजाराला येणाऱ्या बाईला स्वच्छ स्वच्छतागृह हवे असते, जे बाजारपेठेत सहसा सापडत नाही. यांपैकी पहिल्या तीन गोष्टी एकटा दुकानदार आपल्या पेढीत करू शकतो. चौथीसाठी मात्र एकाच ओळीतील पाच-सात दुकानदारांना एकत्र यावे लागेल, आणि ती स्वच्छ ठेवण्याचा रोजचा खर्च वाटून घ्यावा लागेल.