आष्टीची नागपंचमी

आपल्या वर्धा जिल्ह्यातील आष्टीच्या नावाशी ‘शहीद’ हा शब्द का जोडला गेला, हे घरातील मुलांस ठाऊक असते काय? १६ ऑगस्ट १९४२ रोजी, ऐन नागपंचमीस, तेथील पोलीस ठाण्यावर मोर्चा गेला. गोळीबारात गावकरी पडले. क्षुब्ध जमावाच्या हातून पोलीसही मेले. त्याच दिवशी चांदा जिल्ह्यातील चिमुरास सोळा वर्षांचा बालाजी रायपूरकर गोळीस बळी पडला. पुढे चिमुरातील स्त्रियांवर पोलीस व लष्कर यांनी अत्याचार केल्याची तक्रार उठली. तिच्या चौकशीसाठी सेवाग्रामच्या प्रा. भन्साळींनी अन्नत्याग केला. तो त्रेसष्ट दिवस चालून १२ जानेवारी १९४३ रोजी सुटला. चिमुरचे नाव देशभर पोहोचले.

शाळेत आम्ही हुतात्म्यांची नावे पाठ करून घेत असू. ठाण्यात मेलेल्या शिपायांविषयी मात्र मौन पाळीत असू. ती आमची चूक होय. अन्यायाने उगारलेला दंड राज्यकर्त्यांवरच उलटतो, हे आपले जुने दंडनीतिशास्त्र सांगते. संतापाने उचललेल्या हातासही तोच न्याय लागू नव्हे काय? तरुणांनी अन्यायाचा जाब अवश्य विचारावा. परंतु वडीलधाऱ्यांनी त्यांस आष्टीची हकीकत सांगताना ती अर्धी सांगू नये.