बी.पी.च्या यंत्रावर बदामाची खूण दिसली तर



ऊस सोडून नाडीवर लिहितोय म्हणून हसू नका. लागणीच्या नोंदी घेत फिरताना हल्ली बऱ्याच घरी बॅटरीवरचे बी.पी.चे यंत्र दिसते. वरचा आकडा, खालचा आकडा सगळे बघतात. पण कडेला कधीकधी बदामाची खूण लुकलुकते, तिकडे कोणी बघत नाही. माझ्या थोरल्या बंधूंच्या यंत्रावर ती महिनाभर येत होती. आम्ही सेल बदलले!

दंडाचा पट्टा फुगलेला असताना नाडीचा प्रत्येक ठोका आतल्या हवेला हलका धक्का देतो. यंत्र त्या धक्क्यांवरून दाब काढते आणि दोन ठोक्यांमधले अंतरही पाहते. अंतर फारच कमीजास्त झाले, काही यंत्रांत सरासरीपेक्षा २५ टक्के, की खूण उमटते. ऑइल इंजिनाचा ठेका चुकला की आपण बांधावरूनच ओळखतो, तसेच हे. काही यंत्रांवर साधी नाडी दाखवायलाही बदामच असतो, तेव्हा सोबतचे माहितीपत्रक आधी वाचा.

आता खूण म्हणजे रोगच, असे नव्हे. मोजताना बोललात, हात हलवलात, की यंत्र फसते. धडधाकट माणसाचाही एखादा ठोका आगाऊ पडतो. म्हणून पाच मिनिटे स्वस्थ बसून, पाठ टेकून, मिनिटामिनिटाने तीनदा मोजा. खूण पुन्हा पुन्हा आलीच तर इ.सी.जी. काढायचा. यंत्र फक्त संशय घेते, निदान इ.सी.जी.वरूनच होते.

भीती आहे ती एट्रियल फिब्रिलेशनची. यात हृदयाचे वरचे कप्पे नीट आकुंचन न पावता नुसते थरथरतात. रक्त तुंबते, गुठळी धरते आणि ती मेंदूत गेली की अर्धांगवायू. हा धोका अशा माणसाला सुमारे पाचपट. पुष्कळांना त्रास काहीच जाणवत नाही. आमचे बंधू तर रात्रीच्या लाइटवर पाणी पाजत होते. ब्रिटनच्या 'नाइस' संस्थेने २०१३ साली बी.पी. तपासतानाच हा दोष हुडकणाऱ्या एका खास यंत्राची शिफारस केली. आपली साधी यंत्रे त्या जातीची असतीलच असे नाही.

"बिल जमा झाल्यावर बघू" म्हणून बंधूंनी आणखी पंधरवडा काढला. नशीब, तेवढ्यात काही झाले नाही. आता रक्ताची गुठळी होऊ न देणारी गोळी चालू आहे. ती डॉक्टरांना विचारल्याशिवाय बंद करायची नाही, आणि शेजाऱ्याची गोळी आपण घ्यायची नाही.

दवाखान्यात जाताना यंत्र आणि तारीखवार आकड्यांची वही बरोबर न्या. खूण कोणत्या दिवशी आली तेही त्यात लिहा.