आत्याबाईंची विमानयात्रा

माणसाने वयाच्या 86 व्या वर्षी पहिल्यांदा विमानात बसावे, आणि तेही दादरच्या दोन खोल्यांच्या जागेत, मांडीवर निवडायच्या तांदळाचे ताट घेऊन, हे ऐकून वाचकांना नवल वाटेल. आमच्या आत्याने ते केले. प्रवास एका संध्याकाळचा. तयारी मात्र आठवडाभर चालली होती, आणि खरी मौज त्या तयारीतच होती.

आमच्या चिरंजिवांना फ्लाइट सिम्युलेटरचा नाद आहे. म्हणजे कॉम्प्युटरच्या पडद्यावर विमान उडवायचे, आणि ते पडले तरी कुणाच्या केसालाही धक्का लागायचा नाही. सौभाग्यवतींच्या मते हा विजेचे बिल वाढवण्याचा एक सुशिक्षित प्रकार आहे. मीही प्रथम पोरखेळ म्हणून काणाडोळा केला. पण या खेळाचे कुळ चांगले निघाले. 1929 साली अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या एका तरुणाने जमिनीवरचे विमान तयार केले. त्याच्या वडिलांचा ऑर्गन आणि आपोआप वाजणारे पियानो बनवण्याचा कारखाना होता. तिथलेच भाते आणि पंप घेऊन त्याने एक लाकडी खोके असे बसवले, की आतल्या माणसाने दांडा हलवताच भाते फुगावे, आकसावे आणि खोके हवेत असल्यासारखे डोलावे. आपल्याकडच्या पेटी दुरुस्त करणाऱ्याला ही युक्ती एका नजरेत उमगली असती. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्या खोक्यात बसून शिकले. पुढे 1982 साली मायक्रोसॉफ्टने घरगुती कॉम्प्युटरसाठी हा खेळ आणला, तेव्हा पडद्यावरचे शिकागो शहर म्हणजे चार रेघा होत्या. 2020 च्या आवृत्तीत मात्र आकाशातून टिपलेल्या छायाचित्रांवरून अवघी पृथ्वी उभी केलेली आहे, आणि तिच्यावर 37,000 विमानतळ मांडलेले आहेत.

तर नवरात्राच्या सुट्टीत चिरंजिवांनी जाहीर केले की, आपण सह्याद्रीची हवाई सहल आखणार. शेवटचा मुक्काम चांदोलीचे राष्ट्रीय उद्यान. महाराष्ट्रात राष्ट्रीय उद्याने सहा. बोरिवलीचे तर आपल्या दाराशी आहे. पण सह्याद्रीच्या ऐन कण्यावर पसरलेले असे चांदोलीच. सांगली, सातारा, कोल्हापूर आणि रत्नागिरी या चार जिल्ह्यांना टेकलेले, वारणेच्या धरणाचे पाणी पोटात घेऊन बसलेले. 2004 साली त्याला राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा मिळाला आणि 2010 साली कोयना अभयारण्यासह तो सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. निघायचे जुहूहून. 15 ऑक्टोबर 1932 रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून पहिली हवाई टपाल घेऊन तिथेच उतरले होते, म्हणून चिरंजिवांनी पडद्यावरच्या दिनदर्शिकेतही 15 ऑक्टोबर हाच दिवस लावला. एवढी भक्ती त्यांनी परीक्षेच्या तारखांवर दाखवली असती तर! असो.

जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. माझ्या शाळेतली कंपासपेटी माळ्यावरून खाली आली. सेस्ना 172 हे लहान विमान ठरले, कारण त्याचे पंख खिडकीच्या वर असतात आणि खाली पाहताना मध्ये येत नाहीत. टाटांच्या पुस मॉथचेही पंख असेच वर होते. वेळ कोणती? मी म्हटले, पहाटेची. डोंगर पाहायचे तर पहाटेच. चिरंजीव हसले. सह्याद्रीचा कडा पश्चिमेला तोंड करून उभा आहे. सकाळी सूर्य त्याच्या पाठीमागे असतो आणि कोकणाकडची सगळी भिंत सावलीत बुडते. तिच्या घड्या, धबधब्यांच्या घळी आणि किल्ल्यांच्या माच्या पाहायच्या, तर दुपारी तीननंतरचे ऊन हवे. हे मात्र मला पटले. तीनचा मुहूर्त धरला.

वाट अशी: जुहूहून बंदर ओलांडून कर्नाळा, पेण, रोहे, तिथून रायगड, मग कोयना आणि चांदोली. उतरायचे कऱ्हाडला. चिरंजीव मोठ्याने गावे वाचत होते. 'पेण, रोहे' हे शब्द ऐकताच तांदूळ निवडणारी आत्या थांबली.

"रोहे? आमचं रोहे?"

आत्याचे बालपण रोह्याचे. गुडघ्यांमुळे गेल्या नऊ वर्षांत तिला तिकडे जाता आलेले नाही. घर तर केव्हाच विकले गेले. तिने चष्मा पुसला, नकाशावर बोट ठेवले आणि सरळ हुकूम सोडला, "रोह्याहून रायगडाकडे वळायचं नाही. नदीनं वर जायचं. भिऱ्याला. आणि मग मुळशीला."

"आजी, फेरा पडेल गं. आपल्याला चांदोली गाठायचीय," चिरंजीव म्हणाले.

"चांदोली पळून जात्ये का?"

तिचा हट्ट मला कळला होता. माझी आजी, म्हणजे आत्याची आई, मुळशी खोऱ्यातली. टाटांच्या वीज कंपनीने तिथे धरण घातले. 1921 साली त्याविरुद्ध सत्याग्रह झाला. त्याचे पुढारी पांडुरंग महादेव बापट त्यानंतर 'सेनापती' म्हणून ओळखले जाऊ लागले. आजी तेव्हा दहा वर्षांची होती. सत्याग्रह मोडला, धरण झाले आणि तिचे गाव पाण्याखाली गेले. लग्न होऊन ती रोह्याला आली ती माहेर नावाचे ठिकाण मागे न ठेवता.

आता या धरणाची गंमत पाहा. मुळेचे पाणी मूळचे पूर्वेला जाणारे. भीमा, कृष्णा असे करत ते बंगालच्या उपसागराला मिळायचे. धरणाने ते अडवले आणि बोगद्यातून अन् नळांतून कड्याखाली भिऱ्याच्या वीजघरावर सोडले. सुमारे 500 मीटरांची उडी! 1927 साली भिऱ्याची वीज सुरू झाली. आणि वीज देऊन झाल्यावर ते पाणी जाते कुठे? कुंडलिकेत. कोकणातल्या नद्या चैत्रात आटतात. कुंडलिका मात्र भर वैशाखातही वाहते. आज कोलाडला हौशी मंडळी रबरी होड्यांतून उसळत जातात ती याच पाण्यावर. आमची आजी रोह्याला नदीवर धुणे घेऊन गेली, की आधी ओंजळभर पाणी डोळ्यांना लावायची आणि म्हणायची, "माहेरचं आहे."

तेव्हा फेरा घ्यायचा ठरला. पण ठरवणे सोपे होते. पहिल्या रंगीत तालमीत चिरंजिवांनी रोह्याहून नदी धरली, दीड हजार फुटांवरून मोठ्या दिमाखात भिऱ्यापर्यंत गेले आणि समोर भिंत उभी राहिली. विमान वर चढवायला जागा नव्हती, वळायलाही नव्हती. पडदा काळा झाला. आत्या देवघरात होती म्हणून बरे.

मग बसून हिशेब केला. हे विमान चढताना मिनिटाला सुमारे सातशे फूट उंची मिळवते आणि तेवढ्यात दोन-अडीच किलोमीटर पुढे सरकते. कोकणाच्या तळातून घाटमाथा दोन-तीन किलोमीटरांत दोन हजार फूट उठतो. तेव्हा कड्याशी पोहोचून चढू म्हटले तर गोष्ट संपलीच. उंची रोह्यावरच कमवायला हवी. भिरा येईपर्यंत साडेतीन हजार फूट, आणि पुढे महाबळेश्वरच्या बाजूला डोंगरच साडेचार हजार फुटांचे, म्हणून तिथे साडेपाच हजार. डोंगरी वैमानिकांचा दुसरा नियम असा, की खोऱ्याच्या मधोमध उडायचे नाही; एका कुशीला धरून जायचे, म्हणजे परत फिरायची वेळ आली तर उरलेली सगळी रुंदी वळायला मिळते. आमच्या सौभाग्यवतींनी यावर, "संसारातही तसंच," एवढेच म्हटले आणि त्या भाजी फोडणीला टाकायला गेल्या.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पडद्यावरच्या जुहूला दुपारचे तीन वाजले. आत्या ताट घेऊन बसली; नुसते बसून राहणे तिला जमत नाही. बंदर मागे पडले. कर्नाळ्याचा अंगठा दिसला, पण झिजलेला, साबणाच्या वडीसारखा. चिरंजिवांनी खुलासा केला, की कॉम्प्युटरला डोंगरांच्या उंच्या ठराविक अंतरावरच्या ठिपक्यांतून कळतात. बारीक सुळका दोन ठिपक्यांच्या मध्ये सापडला, की त्याचे टोक हरवते. आत्याला ते पसंत पडले नाही. पेण आले. धरमतरच्या खाडीचे फाटे, खारजमिनीचे बांध, लाल कौले. "गणपती कुठायत?" तिने विचारले. पेणेचे गणपती आकाशातून दिसत नाहीत हे तिला सांगावे लागले. डावीकडच्या डोंगरांत गागोदे आहे, तिथे विनोबांचा जन्म झाला, हे मी सांगितले. ते तिला ठाऊकच होते. मग नागोठण्याची अंबा ओलांडली आणि रोह्याच्या अलीकडे झाडीतून अवचितगड वर आला.

"थांबव," आत्या म्हणाली.

सिम्युलेटरमध्ये विमान अधांतरी थांबवता येते. आत्याने पडद्याजवळ जाऊन रोहे पाहिले. नदी बरोबर होती, रेल्वेचा पूल बरोबर होता, धाटावचे कारखानेही होते. घरे मात्र कॉम्प्युटरने आपल्या मनाने रचलेली, एकासारखे एक. आमच्या घराच्या जागी कुठलेसे सपाट छप्पर होते. तिने बराच वेळ पाहिले आणि म्हणाली, "चल पुढं. नदी तरी तीच आहे."

रोह्यावर दोन घिरट्या घालून उंची मिळवली. कोलाड गेले. उजव्या कुशीने भिऱ्याकडे निघालो. उतरत्या उन्हात सगळा कडा तांबूस झाला होता. या वेळी विमान सुखरूप माथ्यावर गेले आणि समोर मुळशीचे पाणी पसरले: बोटाबोटांनी डोंगरांत शिरलेले, निळे, गुळगुळीत.

आत्याने ताट खाली ठेवले. "आईचं गाव कुठं असेल?"

चिरंजीव माझ्याकडे पाहू लागले. त्यांच्या यंत्राला पृथ्वीवरची छपरे ठाऊक होती. पाण्याखाली काय आहे ते ठाऊक नव्हते. मी आजीने सांगितलेल्या खुणा आठवत राहिलो. दोन टेकड्यांची खिंड, पलीकडे ताम्हिणीची वाट. त्यावरून अंदाजाने एक जागा दाखवली. ती खरी होती असे मी छातीवर हात ठेवून सांगणार नाही. विमानाने तिथे तीन घिरट्या घातल्या. तिसऱ्या घिरटीला चिरंजिवांनी, कुणी न सांगता, पंख कलता ठेवला, म्हणजे तिला सरळ खाली पाहता यावे.

"आता पाण्याबरोबर खाली चल," आत्या म्हणाली. "ते गेलं तसं."

हा फेरा कुठल्याच आराखड्यात नव्हता. पण वैमानिकाने मुकाट्याने नाक वळवले. कडा उतरला, भिऱ्याच्या नळांवरून गेला, कोलाडचे वळण घेतले आणि पुन्हा रोह्यावर आला. या वेळी थांबायला कुणी सांगितले नाही.

पुढचा प्रवास बेताप्रमाणे झाला. रायगड, महाबळेश्वर, शिवसागराचा लांबलचक फाटा, आणि उतरत्या उन्हात चांदोली. खाली गर्द रान, मधोमध वारणेचे पाणी. "इथंही धरण?" आत्याने विचारले. मी सांगितले, होय. इथल्याही वाड्या उठल्या, काही धरणासाठी, काही रानासाठी. ती काही बोलली नाही. पावणेसहाला कऱ्हाडच्या धावपट्टीवर चाके टेकली. ही धावपट्टी कोयनेच्या धरणाच्या कामासाठी बांधलेली, हे सांगण्याचा मोह मी आवरला.

"आता परत कसं जायचं?" आत्याने विचारले.

"आजी, एक बटण दाबलं की जुहू."

"बटण नको. आलो तसेच जाऊ, मुळशीवरून, रोह्यावरून."

"अगं, अंधार पडेल वाटेत."

"मग घड्याळ मागे कर की. तुझ्याच हातात आहे ना?" तिने ताट पुन्हा मांडीवर ओढले. चिरंजिवांनी आईकडे पाहिले. कुकरची शिट्टी झाली होती. त्यांनी पडद्यावरचे घड्याळ तीनवर नेले.