लपलेल्या प्रक्षेपकाचा शोध

बंगळुरूच्या दक्षिण भागात जे. पी. नगर हे विस्तीर्ण उपनगर आहे. लोकनायक जयप्रकाश नारायण यांच्या नावावरून त्याला हे नाव मिळाले. तेथील कोणत्याही इमारतीच्या गच्चीवर पाहिले, तर आकाशाकडे तोंड करून बसवलेल्या टीव्हीच्या तबकड्या दिसतात. प्रत्येक तबकडीच्या पुढे आलेल्या दांड्यावर मुठीएवढी एक डबी असते. तबकडी बसवणारे कारागीर तिला ‘एलएनबी’ म्हणतात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरीची वारंवारता फार उच्च, उदाहरणार्थ 11,000 मेगाहर्ट्झ असते. अशी लहर साध्या केबलमधून थोडे अंतर गेली तरी क्षीण होते. म्हणून ही डबी तिची वारंवारता गच्चीवरच 1,250 मेगाहर्ट्झपर्यंत उतरवते आणि मग ती खाली घरात पाठवते. वारंवारता उतरवणाऱ्या अशा यंत्राला डाउनकन्व्हर्टर म्हणतात. घरोघरी करमणुकीसाठी वापरले जाणारे हेच तत्त्व, एखाद्या खोलीत चोरून बसवलेला प्रक्षेपक शोधण्याच्याही कामी येते.

जो प्रक्षेपक बोलतो, त्याला आपले ठिकाण पूर्णपणे लपवता येत नाही. हे सत्य ज्यांनी स्वतः अनुभवले, त्यांत मुंबईतील काही तरुण स्वातंत्र्यसैनिक होते. ऑगस्ट 1942 मध्ये ‘छोडो भारत’ आंदोलन सुरू होताच महात्मा गांधींसह प्रमुख नेते पकडले गेले आणि वृत्तपत्रांवर कडक बंधने आली. तेव्हा 22 वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गुप्त ‘काँग्रेस रेडिओ’ उभारला. 27 ऑगस्ट 1942 रोजी 42.34 मीटर तरंगलांबीवर त्याचे पहिले प्रक्षेपण झाले. चिमूर व आष्टी येथील अत्याचारांच्या वार्ता सरकारला दडपायच्या होत्या. त्या या रेडिओने देशाला ऐकवल्या. पोलिसांच्या शोधगाड्या मागावर असल्यामुळे प्रक्षेपणाची जागा वारंवार बदलावी लागे.

अशा गाडीचे काम एका साध्या गोष्टीवर चालते. तारेच्या वेटोळ्यासारखा अँटेना फिरवला, की विशिष्ट दिशेला आवाज अगदी मंद होतो. त्यावरून प्रक्षेपक कोणत्या रेषेवर आहे हे कळते. दुसऱ्या ठिकाणी जाऊन अशीच दुसरी रेषा काढली, तर दोन्ही रेषा नकाशावर जेथे छेदतात तेथे प्रक्षेपक असतो. तथापि यंत्र गल्लीपर्यंत नेते, दारापर्यंत पुष्कळदा माणूसच नेतो. काँग्रेस रेडिओच्या बाबतीतही कामाशी संबंधित एका तंत्रज्ञाकडून पोलिसांना माहिती मिळाली. 12 नोव्हेंबर 1942 रोजी गिरगावात प्रक्षेपण चालू असतानाच छापा पडला. उषा मेहतांना चार वर्षांची शिक्षा झाली. 1946 मध्ये त्यांची सुटका झाली. ज्यांच्या नावाने बंगळुरूचे हे उपनगर वसले, ते जयप्रकाश नारायण त्याच नोव्हेंबर महिन्यात हजारीबागच्या तुरुंगातून निसटले होते.

त्या काळातील प्रक्षेपक आणि आजचा चोरटा प्रक्षेपक यांत मोठा फरक आहे, तो तरंगलांबीचा. लहर एका सेकंदात जितकी आंदोलने करते, ती तिची वारंवारता. दहा लाख आंदोलने म्हणजे एक मेगाहर्ट्झ. 300 ला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागले, की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. काँग्रेस रेडिओची वारंवारता सुमारे 7 मेगाहर्ट्झ होती. तिच्या एक चतुर्थांश लांबीचा अँटेना करायचा, तर दहा मीटरहून अधिक तार ताणावी लागते. ती लपवणे सोपे नव्हे. आजचे बिनतारी कॅमेरे बहुधा 2,400 ते 2,500 किंवा 5,800 मेगाहर्ट्झच्या आसपास काम करतात. 2,450 मेगाहर्ट्झची तरंगलांबी अवघी 12 सेंटिमीटर भरते आणि अँटेनाला तीन सेंटिमीटरची तार पुरते. ती घड्याळात, विजेच्या चार्जरमध्ये किंवा धूर ओळखणाऱ्या यंत्रात सहज मावते. भाड्याची खोली, वसतिगृह, कपड्यांच्या दुकानातील बदलण्याची जागा अशा ठिकाणी याचा गैरवापर होऊ शकतो. नोकरी वा शिक्षणासाठी परगावी राहणाऱ्यांना, विशेषतः मुलींना, ही चिंता असते.

शोध घेणाऱ्यापुढे मात्र वेगळी अडचण असते. अनेक साध्या रेडिओ ग्राहींना 1,000 मेगाहर्ट्झच्या वरचे काही ऐकू येत नाही. संगणकाला जोडायचे जे स्वस्त टीव्ही डोंगल छंदी लोक ग्राही म्हणून वापरतात, त्यांपैकी बहुतेकांची धावही साधारण 1,700 मेगाहर्ट्झपर्यंतच असते. 2,450 मेगाहर्ट्झची लहर खोलीत भरून राहिली, तरी असा ग्राही बहिराच राहतो. येथे डाउनकन्व्हर्टर उपयोगी पडतो.

त्याचे तत्त्व तंबोरा जुळवताना कानाला जाणवते. जोडीच्या दोन तारा किंचित वेगळ्या लागल्या, तर आवाजात एक हेलकावा उमटतो. एक तार सेकंदाला 200 वेळा आणि दुसरी 203 वेळा कंप पावत असेल, तर हेलकावे सेकंदाला तीन येतात. दोन मोठ्या संख्यांतील फरक असा लहान होऊन ऐकू येतो. म्हणून मणी सरकवणारा कलावंत हेलकावा संथ होत थांबेपर्यंत कान देतो. डाउनकन्व्हर्टरमध्ये स्वतःची ठरावीक लहर निर्माण करणारा आंदोलक असतो. त्याची लहर आणि बाहेरून आलेली लहर मिश्रक नावाच्या भागात एकत्र येतात आणि त्यांच्या फरकाइतक्या वारंवारतेची नवी लहर तयार होते. तंबोऱ्याचा दाखला मात्र येथपर्यंतच चालतो. हेलकावा हा केवळ आवाजाचा चढउतार असतो, तर मिश्रकातील डायोड खरोखरीच नवी लहर घडवतो.

आता प्रत्यक्ष आकडे पाहू. आंदोलक 2,000 मेगाहर्ट्झवर असेल, तर 2,450 मेगाहर्ट्झच्या कॅमेऱ्याची लहर 450 मेगाहर्ट्झवर उतरते आणि साध्या ग्राहीवर सापडते. परंतु याच मार्गाने 1,550 मेगाहर्ट्झची लहरही 450 वर येते, कारण फरक तितकाच असतो. हिला प्रतिमा-लहर म्हणतात. नवशिक्या शोधकाला ती हमखास फसवते. खरे-खोटे ठरवण्याची युक्ती सोपी आहे. आंदोलक 2,010 वर नेला, तर खरी लहर 440 वर सरकते आणि प्रतिमा-लहर 460 वर. कोणत्या बाजूला सरकली, यावरून मूळ वारंवारता कळते. गच्चीवरची डबी मात्र या कामाला जशीच्या तशी चालत नाही. ती उपग्रहाच्या पट्ट्यापुरतीच घडवलेली असते.

प्रत्यक्ष शोधाला आरंभ होतो तो शांतता करून. ही शांतता कानांची नव्हे, लहरींची. मोबाइल, ब्लूटूथची साधने आणि घरातील वाय-फाय बंद केले जातात. मायक्रोवेव्ह ओव्हनही 2,450 मेगाहर्ट्झच्या आसपासच चालतो, म्हणून तोही. मग ग्राहीवर संपूर्ण पट्टा सावकाश तपासला जातो. जी लहर अखंड राहते आणि खोलीबाहेर पडताच दुर्बळ होते, तिच्यावर संशय घ्यावा. शेजाऱ्याच्या वाय-फायची लहर भिंतीजवळ वाढते, आत येताना घटते. मोकळ्या जागेत अंतर निम्मे झाले की शक्ती चौपट होते. खोलीत भिंतींवरून होणाऱ्या परावर्तनामुळे हे गणित काटेकोर राहत नाही, पण कल कळतो. अगदी जवळ पोहोचल्यावर ग्राही सर्वत्र सारखाच जोर दाखवू लागतो. अशा वेळी अँटेना काढून टाकणे किंवा लहर मुद्दाम क्षीण करणारा जोड लावणे इष्ट. शोधकाने स्वतः सावकाश एक गिरकी घेतली तरी उपयोग होतो, कारण या लहरी शरीराने बऱ्याच अडतात आणि पाठ प्रक्षेपकाकडे असताना आवाज पडतो.

एवढे करूनही हे साधन सर्वज्ञ ठरत नाही. जुना ॲनालॉग कॅमेरा अखंड बोलतो, म्हणून लवकर सापडतो. वाय-फाय कॅमेऱ्याची लहर शेजारपाजारच्या गर्दीत मिसळून जाते. मेमरी कार्डावर चित्रण साठवणारा कॅमेरा तर लहर सोडतच नाही. तो विजेरीच्या तिरप्या उजेडात भिंगावर चमकणाऱ्या ठिपक्यावरूनच शोधावा लागतो. मौनाचा सर्वांत नामांकित प्रकार मॉस्कोत घडला. 1945 मध्ये सोव्हिएत मुलांनी अमेरिकेच्या राजदूताला कोरीव लाकडी राजमुद्रा भेट दिली. तिच्या पोकळीत लेव्ह तेरमेन यांनी रचलेले ऐकण्याचे यंत्र होते. त्यात ना बॅटरी होती ना तार. बाहेरून रेडिओलहर सोडली, तेवढ्यापुरतेच ते जागे होई. राजदूताच्या निवासातील ही मुद्रा 1952 पर्यंत कोणाच्याही लक्षात आली नाही.

भारतात खासगीपणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे नेणारे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे बंगळुरूचेच. त्यांच्या याचिकेतून निघालेल्या प्रकरणात 24 ऑगस्ट 2017 रोजी नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 77 नुसार स्त्रीचे खासगी क्षण चोरून पाहणे वा चित्रित करणे हा गुन्हा आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 66-ई मध्ये स्त्री-पुरुष असा भेद न करता कोणत्याही व्यक्तीला संरक्षण दिलेले आहे. संशयास्पद यंत्र आढळल्यास ते उघडू नये आणि त्याला हातही लावू नये. त्यावरील बोटांचे ठसे आणि आतील कार्ड हा पुरावा असतो. दूरवरून त्याचे छायाचित्र घ्यावे, खोलीबाहेर पडावे आणि 112 क्रमांकावर पोलिसांना कळवावे. लहरी अडवणारे जॅमर विकत घेऊन लावणे हा त्यावरचा उपाय नव्हे. खासगी व्यक्तीने ते वापरणे बेकायदेशीर आहे, आणि मेमरी कार्डाच्या कॅमेऱ्यावर त्यांचा काही परिणामही होत नाही.